कंपनीला आरोपीच्या पिंजऱ्यात कसं उभं करायचं?



गेल्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आमच्याकडे कोलनला आली होती. तीन महिन्यांचा मुक्काम, आणि दोन महिन्यांतच तिच्या झोपेच्या गोळ्या संपल्या. रिकामी स्ट्रिप घेऊन आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या अपोथेकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्ट्रिप उलटसुलट करून पाहिली, कॉम्प्युटरवर नाव शोधलं आणि मान हलवली. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, त्याशिवाय नाही. आई मला मराठीत म्हणाली, "तिला सांग, आमच्याकडे मेडिकलवाला नुसतं नाव सांगितलं की देतो." मी सांगितलं नाही. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील भारतातून येतात, त्यांनी असा प्रसंग एकदा तरी अनुभवला असेल. बाहेर पडल्यावर आईचं म्हणणं असं की एका गोळीसाठी एवढं काय?

आजचा भाग त्या "एवढं काय" बद्दल आहे. कारण याच देशात एके काळी झोपेची एक गोळी चिठ्ठीशिवाय मिळत होती, आणि ती कोलनपासून तासाभराच्या अंतरावर, आखेनजवळच्या श्टोलबर्ग नावाच्या गावात तयार होत होती.

गोळीचं नाव कॉन्टेर्गान. आतल्या द्रव्याचं नाव थॅलिडोमाइड. कंपनीचं नाव केमी ग्र्युनेंथाल. ही कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली, वीर्त्स घराण्याची. या घराण्याचा मूळ धंदा साबण आणि सुगंधी द्रव्यांचा. युद्धानंतर औषधांची टंचाई होती, पेनिसिलिनला प्रचंड मागणी होती, त्यात ते उतरले. संशोधन विभागाचे प्रमुख होते डॉ. हाइनरिश म्युक्टर.

१ ऑक्टोबर १९५७ रोजी कॉन्टेर्गान बाजारात आलं. त्या काळातल्या झोपेच्या इतर गोळ्या जास्त घेतल्या तर माणूस दगावायचा. हिची खासियत अशी सांगितली गेली की उंदरांना कितीही मात्रा दिली तरी ते मरत नाहीत. त्यावरून जाहिरातीत शब्द आला: निर्धोक. एमबीए करताना आम्हाला मार्केटिंगच्या तासाला शिकवायचे की उत्पादनाची ओळख एका शब्दात सांगता आली पाहिजे. इथे तो शब्द सापडला होता, आणि गोळी अफाट खपली. लहान मुलांसाठी पातळ औषधही निघालं. लोक त्याला गमतीने 'सिनेमा-रस' म्हणायचे, कारण आईबाप मुलांना ते पाजून झोपवायचे आणि निवांत सिनेमाला जायचे. गरोदर बायकांना झोप लागत नसेल, मळमळत असेल, तर डॉक्टर हीच गोळी सुचवायचे. निर्धोकच होती ना.

गर्भाच्या वाढीवर हिचा काय परिणाम होतो, हे मात्र विक्रीआधी तपासलंच गेलं नव्हतं. तसं तपासणं कायद्याने बंधनकारक नव्हतं, कारण पश्चिम जर्मनीत तेव्हा देशपातळीवरचा औषध कायदाच नव्हता. पहिला कायदा १९६१ मध्ये आला, आणि त्यातही औषधाची फक्त नोंदणी करायची होती, सुरक्षितता सिद्ध करायची नव्हती. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. भिंतीपलीकडच्या पूर्व जर्मनीत तज्ज्ञ समितीने या औषधाला परवानगी दिली नाही. अमेरिकेतही दिली गेली नाही. तिथे फ्रान्सिस केल्सी नावाच्या डॉक्टर बाई औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. ब्रिटनमधल्या एका डॉक्टरने मासिकात पत्र लिहिलं होतं, की हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात. ते वाचून केल्सीबाईंनी प्रश्न विचारला: मोठ्या माणसाच्या नसांना इजा होत असेल, तर पोटातल्या बाळाचं काय? अमेरिकेत औषध विकू पाहणारी कंपनी फोन करत राहिली, तक्रारी करत राहिली. बाई फाइल परत पाठवत राहिल्या. त्यासाठी १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचा सन्मान केला.

म्हणजे "त्या काळी कोणालाच कळणं शक्य नव्हतं" हे पुरतं खरं नाही. प्रश्न विचारणं शक्य होतं.

जर्मनीतही मुंग्या येणं, बधिरपणा, चालताना तोल जाणं अशा तक्रारी १९५९ पासून येऊ लागल्या होत्या. डॉक्टर पत्रं लिहून विचारत होते. कंपनी उत्तर द्यायची की असं काही आमच्या ऐकिवात नाही, किंवा फार क्वचित घडतं, गोळी थांबवली की जातं. टीका करणाऱ्या डॉक्टरांची माहिती काढायला कंपनीने खाजगी गुप्तहेर नेमला होता, हे पुढे उघड झालं. १९६१ च्या ऑगस्टमध्ये काही राज्यांनी गोळीला चिठ्ठी सक्तीची केली, पण ती नसांच्या त्रासापायी. बाळांचा विषय अजून कोणी जोडला नव्हता.

बाळं मात्र जन्मत होती. खांद्यालाच जोडलेले छोटे पंजे, आखूड पाय, कान नसलेली डोकी, आत हृदयाचे आणि आतड्यांचे दोष. नंतर मागे वळून हिशेब मांडला तेव्हा दिसलं की पहिलं असं बाळ २५ डिसेंबर १९५६ ला, म्हणजे गोळी बाजारात यायच्याही आधी, श्टोलबर्गमध्येच जन्मलं होतं. वडील ग्र्युनेंथालचे कर्मचारी होते. औषधाचे नमुने कर्मचाऱ्यांना मिळाले होते.

गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसाच्या मधला काळ यात घातक. त्या दिवसांत एक गोळी पुरेशी. अनेक बायकांना तेव्हा आपण गरोदर आहोत हेसुद्धा ठाऊक नसतं. आणि मूल असं जन्मलं की बोट कोणाकडे? आईकडे. घराण्यात काही आहे का, अणुचाचण्यांचा परिणाम आहे का, हिने काही पाप केलं का. आपल्याकडच्या "ग्रहणात सुरी हातात धरली असेल" ची ही जर्मन आवृत्ती. आणि या देशात तर नाझी राजवट संपून जेमतेम पंधरा वर्षं झालेली. अपंग मुलांची नोंद ठेवून त्यांना मारून टाकणारी ती राजवट, त्यामुळे आईबाप अशी मुलं लोकांपुढे आणायलाही कचरत.

कोडं सुटलं ते दोन माणसांमुळे. कार्ल शुल्टे-हिलेन नावाच्या तरुण वकिलाच्या घरी १९६१ मध्ये असा मुलगा झाला, आणि काही आठवडे आधी त्यांच्या बहिणीलाही असंच मूल झालेलं. घराण्यात दोष म्हणावा तर सगळे पूर्वज धडधाकट. ते हांबुर्गचे बालरोगतज्ज्ञ विदुकिंद लेंत्स यांच्याकडे गेले. लेंत्सांनी घरोघर जाऊन आयांना विचारायला सुरुवात केली, काय खाल्लं, काय प्यायलात, कोणतं औषध घेतलं. एकेका घरातून कॉन्टेर्गानचं नाव येऊ लागलं. १५ नोव्हेंबर १९६१ ला त्यांनी कंपनीला फोन केला. गोळी मागे घ्या. कंपनी तयार नव्हती. २६ नोव्हेंबरला 'वेल्ट आम झोनटाग' या रविवारच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी गोळी बाजारातून गेली.

डॉक्टरचा फोन, सरकारी अधिकाऱ्यांबरोबरच्या बैठका, यांनी जे अकरा दिवसांत झालं नाही, ते वर्तमानपत्राने एका रविवारी केलं. फोन आणि गोळी मागे घेणं यांच्यामध्ये किती बायकांनी ती घेतली असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

पश्चिम जर्मनीत सुमारे पाच हजार मुलं बाधित जन्मली. जगभरात सुमारे दहा हजार. पुष्कळशी पहिल्या वर्षभरात गेली. जी अजन्मीच राहिली त्यांची मोजदाद नाही.

इथे जरा माझं सांगतो. मी आयटी सल्लागार आहे, वीस वर्षं मोठ्या कंपन्यांच्या आत बसून काम करतो. कंपनी चूक कशी करते, हे मी आतून पाहिलंय. कोणी टेबलावर मूठ आपटून "लोकांना फसवा" असं म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत माहिती हलवण्याचं काम होतं. निवृत्त लोकांची देणी त्यावर अवलंबून. आमच्या टेस्टिंगमधल्या मुलीने जोखमीच्या यादीत एक ओळ लाल रंगात लिहिली: जुन्या नोंदींतल्या काही तारखा चुकीच्या वाचल्या जातायत. माझ्याकडे ती यादी आली तेव्हा मी लालचं पिवळं केलं. खोटं नव्हतं ते, उपाय चालू होता. माझ्या वरच्याने त्याच्या सादरीकरणात पिवळ्या ओळी एकत्र केल्या. संचालकांपुढे गेलेल्या पानावर एकच हिरवा गोळा होता. प्रणाली ठरल्या दिवशी सुरू झाली आणि काही शे म्हाताऱ्या लोकांचे पैसे दोन महिने अडकले. कोणी मेलं नाही. क्लायंटने पत्र पाठवलं, वकिलांकडून तपासून घेतलेलं. त्यात असुविधेबद्दल खेद होता, चूक हा शब्द नव्हता. त्या मुलीने माझ्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलणं ठेवलं. मला दंड झाला नाही, बढती झाली.

हे सांगायचं कारण, कॉन्टेर्गानच्या खटल्यात नेमका हाच प्रश्न आला: चूक कोणाची?

आखेनच्या सरकारी वकिलांनी डिसेंबर १९६१ मध्येच तपास सुरू केला. आरोपपत्र यायला १९६७ उजाडलं. नऊ जण आरोपी, त्यात म्युक्टर होते, मालकांपैकी हेर्मान वीर्त्सही होते. वीर्त्स यांचं प्रकरण पुढे प्रकृतीच्या कारणाने वेगळं काढलं गेलं. आरोपींच्या यादीत नसलेलं नाव एकच, ग्र्युनेंथाल. कारण जर्मन फौजदारी कायद्यात कंपनी आरोपी होऊ शकत नाही. जुना लॅटिन सिद्धान्त आहे, संस्था गुन्हा करू शकत नाही. गुन्ह्याला मन लागतं, हेतू लागतो, दोष लागतो, आणि ते फक्त हाडामांसाच्या माणसाला असतात. तत्त्व म्हणून ऐकायला ठीक वाटतं. सामूहिक दोषाच्या नावाखाली काय काय होऊ शकतं हे पाहिलेल्या देशाला ते जास्तच ठीक वाटत असणार. पण व्यवहारात काय होतं? कंपनीने केलेली कृती नऊ माणसांत वाटून टाकायची, आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं ते वेगवेगळं सिद्ध करायचं. पत्र याने लिहिलं, मसुदा त्याने केला, आकडे तिसऱ्याने दिले, निर्णय बैठकीत झाला. लालचं पिवळं, पिवळ्याचं हिरवं.

२७ मे १९६८ ला खटला सुरू झाला. आखेनच्या न्यायालयात एवढी माणसं मावतील असं दालन नव्हतं, म्हणून शेजारच्या आल्सडॉर्फ या खाणगावात, कोळसा कंपनीच्या समारंभगृहात न्यायालय भरलं. शेकडो पालक सरकारी वकिलांच्या बाजूने सहतक्रारदार. बचाव पक्षाकडे वकिलांची आणि विद्यापीठांतल्या तज्ज्ञांची फौज. पोटातला गर्भ कायद्याने माणूसच नाही, मग त्याला इजा केली असं कसं म्हणता, हा त्यांचा एक मुद्दा. औषधामुळेच झालं हे सिद्ध नाही, हा दुसरा. लेंत्स साक्षीला उभे राहिले, त्यांची दिवसचे दिवस उलटतपासणी झाली, आणि शेवटी ते पालकांच्या बाजूचे वाटू शकतात या कारणावरून न्यायालयाने त्यांना तज्ज्ञ म्हणून बाजूला केलं. ज्याने कोडं सोडवलं तोच पक्षपाती ठरला. इथे मला त्या टेस्टिंगवाल्या मुलीची आठवण येते.

खटला २८३ दिवस चालला. त्या दरम्यान, एप्रिल १९७० मध्ये, समेट झाला. कंपनी १० कोटी मार्क देणार, पालक पुढचे दावे सोडणार. पालकांच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्यांत शुल्टे-हिलेनच होते. पुढे काही पीडितांनी त्यांना याबद्दल बोलही लावले. मला त्यांना दोष देववत नाही. मुलं नऊ-दहा वर्षांची झाली होती. कृत्रिम हात, शस्त्रक्रिया, घरात बदल, शाळा, हे सगळं तेव्हा लागत होतं. दिवाणी दावे आणखी पंधरा वर्षं चालले असते, आणि जिंकण्याची खात्री नव्हती. बोट धरून चालायला मूल शेजारी उभं असताना तत्त्वासाठी थांबणार कोण?

१८ डिसेंबर १९७० ला न्यायालयाने खटला बंद केला. तो आदेश समजून घेण्यासारखा आहे. न्यायालयाने मान्य केलं की थॅलिडोमाइडमुळे हे व्यंग येतं. हेही मान्य केलं की गर्भाला झालेली इजा ही जन्मलेल्या माणसाला झालेली इजाच. बचावाचे दोन्ही मोठे मुद्दे पडले. आणि तरीही निष्कर्ष असा की आरोपी व्यक्तींचा दोष किरकोळ, भरपाई दिली गेलीय, खटला पुढे चालवण्यात सार्वजनिक हित उरलेलं नाही. म्हणजे निर्दोषही नाहीत आणि दोषीही नाहीत. हजारो मुलं, आणि प्रत्येकाचा दोष किरकोळ. नऊ जणांत वाटला की तो किरकोळच होतो.

त्यानंतर संसदेने डिसेंबर १९७१ मध्ये कायदा करून एक प्रतिष्ठान काढलं. कंपनीचे पैसे त्यात, सरकारचीही भर. मुलांना महिना १०० ते ४५० मार्क निवृत्तिवेतनासारखी रक्कम. आणि त्याबरोबर कंपनीविरुद्धचे सगळे दावे कायद्यानेच संपवले, समेटावर सही न केलेल्यांचेसुद्धा. काही जण घटनात्मक न्यायालयात गेले. १९७६ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण इतकं बजावलं की यापुढे ही मदत पुरेशी राहील हे पाहणं सरकारची जबाबदारी. कंपनीने दिलेले पैसे १९९७ पर्यंत संपले. तेव्हापासून तुमच्याआमच्या करातून चाललंय.

हे ऐकून "जर्मनीतही असंच?" असं तुम्हाला वाटलं असेल, तर मुंबईचं एक उदाहरण शेजारी ठेवतो. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. उत्पादक, पुरवठादार, परवाना देणारे, तपासणारे, खरेदी करणारे, एकेक जण पिंजऱ्यात येऊन पुढच्याकडे बोट दाखवून गेला. फरक इतकाच की लेंटिन यांनी त्या बोटांचा पाठलाग मंत्रालयापर्यंत केला, अहवालात कोणालाही सोडलं नाही, आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. पण आयोग शिक्षा देऊ शकत नाही. नैतिक जबाबदारी ठरली, कायदेशीर जबाबदारी कोर्टांच्या तारखांत रेंगाळली. आल्सडॉर्फला उलटं झालं होतं. पैसे मिळाले, पण "तुम्ही चुकलात" हे वाक्य कोणीही, कधीही उच्चारलं नाही.

जर्मनीने काहीच शिकलं नाही असं मात्र नाही. १९७६ चा नवा औषध कायदा याच प्रकरणातून आला, १९७८ पासून लागू झाला. औषध विकण्याआधी ते परिणामकारक आणि सुरक्षित आहे हे कंपनीने सिद्ध करायचं. आणि औषधाने इजा झाली तर उत्पादकाचा हलगर्जीपणा सिद्ध करत बसायची गरज नाही, भरपाईची जबाबदारी त्याचीच, त्यासाठी आधीच विमा काढून ठेवायचा. अपोथेकेतल्या बाई आईला नाही म्हणाल्या, त्यामागे त्या मुलांचा हा सगळा इतिहास आहे.

पण कंपनी आरोपी होऊ शकत नाही, हे अजून तसंच आहे. फोक्सवागनचं डिझेल प्रकरण आठवा. आपल्यातले कितीतरी जण त्या उद्योगात काम करतात, मीही केलंय. २०१८ मध्ये ब्राउनश्वाइगच्या सरकारी वकिलांनी कंपनीला एक अब्ज युरो भरायला लावले. आकडा मोठा वाटतो. त्यातला दंड म्हणून लावलेला भाग किती? ५० लाख युरो. बाकीचे ९९ कोटी ५० लाख म्हणजे गैरमार्गाने मिळवलेला फायदा काढून घेणं. आणि हे सगळं ज्या कायद्याखाली झालं, त्याच कायद्याखाली चुकीच्या जागी पार्क केलेल्या तुमच्या गाडीला पावती मिळते. त्यात गुन्हा नसतो, नियमभंग असतो, आणि कंपनीसाठी दंडाची कमाल मर्यादा एक कोटी युरो. कंपन्यांसाठी वेगळा शिक्षा-कायदा आणायचा मसुदा २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला, पण २०२१ ची निवडणूक आली आणि तो बारगळला. माणसांवरचे खटले चालू राहिले. २०२५ च्या मे महिन्यात चार माजी अधिकारी दोषी ठरले, त्यातल्या दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुन्हा तेच, कंपनीचे पैसे आणि माणसांची शिक्षा. कंपनी आणि दोष हे दोन शब्द एका निकालात येत नाहीत.

मी स्वतः याबद्दल बरीच वर्षं द्विधा होतो. एमबीएमध्ये शिकलेलं डोकं म्हणतं की कंपनीला शिक्षा म्हणजे शेवटी भागधारकांना आणि कामगारांना शिक्षा, ज्यांनी काहीच केलेलं नाही. पण नफा घेताना जी एक व्यक्ती असते, करार करताना, दावा ठोकताना, स्वतःच्या अब्रूचं रक्षण करताना जी एक व्यक्ती असते, ती नेमकी दोषाच्या वेळी नऊ माणसांत विरघळून कशी जाते, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. अब्रूचं म्हणाल तर, २००६ मध्ये या विषयावर टीव्हीसाठी दोन भागांचा चित्रपट तयार झाला, तो रोखायला ग्र्युनेंथाल कोर्टात गेली. प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत पोचलं, आणि गोळी बाजारात आल्याला पन्नास वर्षं झाली त्या शरद ऋतूत, नोव्हेंबर २००७ मध्ये, तो दाखवला गेला.

त्या चित्रपटाने एक पिढी जागी झाली. तेव्हा पन्नाशीला टेकलेली ती 'मुलं' पुन्हा रस्त्यावर आली. २००८ मध्ये काहींनी कोलनजवळ उपोषण केलं. तोवर शरीरं थकली होती. आयुष्यभर पायाने लिहिलेलं, दाताने बटणं लावलेली, वाकड्या कण्याने उचललेली ओझी, याने सांधे आणि मणके झिजलेले. १९७० मध्ये हा खर्च कोणी धरलाच नव्हता. २००९ मध्ये कंपनीने ५ कोटी युरो दिले, कायदेशीर बंधन म्हणून नव्हे, ऐच्छिक म्हणून. हायडेलबर्ग विद्यापीठाने या लोकांच्या गरजांचा अभ्यास केला आणि त्याच्या आधारावर २०१३ मध्ये संसदेने मासिक रक्कम मोठ्या प्रमाणात वाढवली. सर्वात गंभीर व्यंगासाठी ती १,१५२ युरोंवरून ६,९१२ युरोंवर गेली. पैसे सरकारचे.

३१ ऑगस्ट २०१२ रोजी श्टोलबर्गमध्ये एका स्मारकाचं अनावरण झालं. खुर्चीवर बसलेली, हातपाय नीट न वाढलेली एक लहान मुलगी, ब्राँझची. त्या वेळी ग्र्युनेंथालचे तत्कालीन प्रमुख हाराल्ड श्टोक यांनी पहिल्यांदा जाहीर माफी मागितली. बातमी जगभर गेली. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत दिलगिरी आणि माफी हे दोन वेगळे शब्द असतात, आणि आपण सगळे जाणतो की दिलगिरी वकील लिहितो आणि माफी माणूस मागतो. श्टोक यांनी शब्द माफीचाच वापरला. पण कशाबद्दल? जवळजवळ पन्नास वर्षं आम्ही तुमच्यापर्यंत माणूस म्हणून पोचलो नाही, याबद्दल. गप्प राहिल्याबद्दल. गोळीबद्दल नाही. पीडितांच्या संघटनांनी ते लगेच ओळखलं, आणि अनेकांनी ती माफी स्वीकारली नाही.

आईला मी त्या स्मारकापाशी घेऊन गेलो होतो. श्टोलबर्ग सुंदर आहे, वर किल्ला, खाली जुन्या पितळ-कारखान्यांची दगडी घरं. मूर्ती पाहून तिने पदर खांद्यावर ओढून घेतला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, ही मुलं आता कुठे आहेत? मी म्हटलं, आहेत की, साठी ओलांडलेली, अडीच हजारांच्या आसपास असतील. ट्राममध्ये दिसतात कधी कधी. मग तिचा पुढचा प्रश्न, "शिक्षा किती झाली?" मी म्हटलं, "कोणालाच नाही." तिला वाटलं मला नीट माहीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांकडे तिला नेलं. त्यांनी स्ट्रिपवरचं नाव वाचलं आणि विचारलं, किती वर्षं घेताय? पंधरा. ही सवय लावणारी गोळी आहे, एकदम बंद करता येणार नाही, हळूहळू कमी करावी लागेल, त्यांनी कागदावर दर आठवड्याची मात्रा लिहून दिली. मग विचारलं की सुरुवातीला ही कोणी लिहून दिली होती? आईला आठवेना. डॉक्टरांनी दिली असेल, किंवा मेडिकलवाल्याने, किंवा शेजारच्या वहिनींनी सांगितलं असेल.

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी तो रकाना रिकामा सोडला.